धुतलेली हवा

टाकीचं झाकण उघडून मी आत वाकलो. पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावरचे गोंदाचे ठिपके पुन्हा फुगले होते. खरं तर ते सपाट आणि चकचकीत बसायला हवेत. हे मात्र तळलेल्या पापडासारखे फोड धरून बसले होते.

"परत?" मागून तियुर ओरडली. तियुर आमची इंजिनियर, मेदानकडची, बातक जमातीची मुलगी. त्या लोकांची कुजबुजसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते. "कांग एंतिस, तुमच्या टाकीतच घाण आहे. पंपाचं तेल मागे येतंय, दुसरं काही नाही!" कांग म्हणजे दादा; टाकी आणि पंप माझ्याकडे.

"तेल मागे आलं असतं तर आधी टाकीच्या काचेवर दिसलं असतं," मी म्हणालो. "पण तुमचं बरंय. काही बिनसलं की टाकीवाल्याला धरा. तो सोपा पडतो."

इंडोनेशियात, बोगोरच्या बाहेर, रबराच्या झाडांपलीकडे आमची कार्यशाळा आहे. अवकाशात जाणाऱ्या आणि प्रयोगशाळांना लागणाऱ्या छोट्या पेट्या आम्ही बनवतो आणि पाठवण्याआधी त्यांचे यथेच्छ हाल करतो. हलवतो, भाजतो, गारठवतो आणि शेवटी माझ्या टाकीत कोंडून सगळी हवा काढून घेतो. वर जाऊन जे सोसायचं ते इथेच सोस बाई, असा सगळा मामला. या खेपेची पेटी टेंपेची होती. सोयाबीनवर बुरशी धरली की टेंपेची वडी जमते. ती बुरशी वजन नसलेल्या जागी कशी वाढते, हे विद्यापीठातल्या मंडळींना बघायचं होतं. खूप खटपटीनंतर त्यांना जपानच्या रॉकेटवर कोपरा मिळाला होता. पेटी महिनाअखेर पोचली नाही तर तो कोपरा दुसऱ्याला जाणार होता, आणि दोनदा आमची पेटी माझ्या टाकीत नापास झाली होती.

बू तार्मी, म्हणजे आमच्या तार्मीबाई, काचेपलीकडच्या स्वच्छ खोलीतून बाहेर आल्या, मास्क हनुवटीखाली ओढला आणि ते कार्ड नुसतं बघत राहिल्या. ठिपके त्यांच्या हातचे होते.

"कांग," त्या मला हळूच म्हणाल्या, "माझंच काही चुकत नसेल ना हो?"

"तुमचं? डोकं ठिकाणावर आहे ना बू?" मी म्हणालो आणि ते मनापासून म्हणालो. त्यांनी जोडलेली एक तार उभ्या आयुष्यात माझ्या टाकीत निसटली नव्हती.

बू तार्मी चिरेबोनजवळच्या त्रुस्मीच्या. तिथे घराघरात बाटिक. आई छपरीत बसून कापडावर गरम मेणाच्या रेघा ओढायची आणि लहानपणी तार्मीही शेजारी बसून ओढायची. पण मेणाच्या धुराने आईची छाती पोखरली होती. पोर वयात आली तशी आईने तिच्या हातातली चांतिंग, म्हणजे मेण सोडायची ती तोटीची लेखणी, काढून घेतली आणि तिला रेडिओच्या कारखान्यात चिकटवून दिली. तिथून सोल्डरिंग शिकून त्या आमच्याकडे आल्या, कोसासी साहेबांनी कार्यशाळा काढली तेव्हाच. एकदा आईला त्यांनी इथे आणलं होतं. म्हातारी काचेला नाक लावून आतले पांढरे झगे आणि छतातून येणारा वारा बघत राहिली. "काय गं, इथे हवासुद्धा धुऊन देतात?" तिने विचारलं. आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. "बरं केलं मी तुला इथे ढकललं ते," म्हणाली. पुढच्याच वर्षी ती गेली.

यंदा गोंदाचं काम करणारा वाह्यू कालिमांतानला गेला आणि कोसासींनी गोंदाची सुई बू तार्मींच्या हातात दिली. कार्डावरचे बारीक भाग रॉकेटच्या हादऱ्याने सुटू नयेत म्हणून त्यांच्या पायाशी गोंदाचे ठिपके सोडायचे असतात. या वयात नवीन काम मिळालं म्हणून बू तार्मींनी सगळ्यांना घरचे केळीचे वडे चारले होते.

आणि आता हे फोड. तियुर गोंदवाल्या दुकानदाराशी फोनवर भांडली. गोंद सुकवायची भट्टी तपासली. माझ्या पंपाची तर पार हाडं मोकळी केली. त्यात काही सापडलं नाही याचा मला इतका आनंद झाला की दोन दिवस मी सगळ्यांना टोमणे मारत फिरलो. मग तियुरने कामाच्या टेबलावर कॅमेरा टांगला. "सगळ्यांचंच काम बघणार आहे," ती म्हणाली. "माझंसुद्धा. रागावायचं नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तिने बू तार्मींना आणि मला बोलावलं. आवाज इतका खाली की मला वाटलं, हिच्या घरी काहीतरी झालंय.

"बू, बसा जरा," ती म्हणाली. "हे बघा."

पडद्यावर बू तार्मी काम करत होत्या. सुई उचलली. डाव्या करंगळीने मास्क जरासा खाली केला. मान डावीकडे कलली, ओठ पुढे आले आणि सुईच्या टोकावर एक हलकी फुंकर बसली. मास्क वर. ठिपका. पुन्हा करंगळी, पुन्हा फुंकर. प्रत्येक ठिपक्याआधी तेच.

"तोंडातली वाफ," तियुर म्हणाली. "हा गोंद ओला असताना पाणी लागलं की आत बुडबुडे धरतो. हवा काढली की ते फुगतात."

"मी फुंकत नाही," बू तार्मी म्हणाल्या. पडद्यावर त्या फुंकतच होत्या. "नोक, पोरी, देवाशप्पथ, मी नाही…" मग त्या थांबल्या. पुढे वाकल्या. "परत लाव गं."

तियुरने परत लावलं.

"ही मी नाही," त्या म्हणाल्या. "ही माझी आई आहे. चांतिंगची तोटी मेणाने बुजते, म्हणून रेघ ओढण्याआधी फुंकायची. आई अशीच मान करायची. अगदी अशीच." आणि स्वच्छ खोलीत डोळ्यांना हात लावू नये म्हणून वर्षानुवर्षं सगळ्यांना दटावणाऱ्या त्या बाईंनी दोन्ही हातांनी डोळे पुसले.

माझ्या टाकीची माफी मागायला लावीन एकेकाला, असं मी मनात घोकून ठेवलं होतं. ते विसरून मी तिथून उठलो आणि उगाच पंप पुसत बसलो.

कोसासी साहेब आले. मास्कला हात लावणाऱ्याने उड्डाणाच्या कार्डाला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनीच भिंतीवर चिकटवला आहे. त्यांनी चित्रफीत पाहिली, टक्कल खाजवलं.

"पाक, साहेब, मला काढा या कामातून," बू तार्मी म्हणाल्या. "जित्याची खोड आहे, जायची नाही. आणि एकच कार्ड उरलंय. ते माझ्या हातून गेलं तर त्या विद्यापीठातल्या पोरांना मी काय तोंड दाखवू?"

"मग ठिपके कोण सोडणार? मी?" कोसासी म्हणाले. "माझ्या हातून चहा बशीत पडतो. तियुर?"

"माझा हात म्हणजे नांगर आहे, पाक. बांडुंगहून माणूस मागवला तर पोचेपर्यंत महिना संपेल."

"ऐका बू. नियम मीच लिहिलाय, तेव्हा तो कसा पाळायचा हेही मीच सांगतो. रद्दी कार्डांवर सराव करा. कॅमेऱ्यात एकही फुंकर दिसली नाही की खरं कार्ड तुमचं. दिसली तर पेटी जाणार नाही, आणि ते मी विद्यापीठाला सांगेन. तुम्ही नाही."

सराव सुरू झाला. तियुर समोर बसली. फुंकर आली की टेबलावर टकटक. दिवसभर टकटक चालली होती. मास्क पट्टीने गालाला चिकटवून पाहिला, तर बू तार्मींच्या करंगळीने पट्टीसकट ओढून काढला आणि त्यांना पत्ताही नाही.

"बू, तुमचं तोंड आहे की लोहाराचा भाता?" तियुर वैतागून म्हणाली. बू तार्मी हसल्या, तीही हसली, आणि पुढच्याच ठिपक्याला पुन्हा फुंकर.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं रांबुतानच्या झाडाखाली डबा खात होतो. त्यांचा भात तसाच होता.

"हात ऐकतो हो कांग," त्या म्हणाल्या. "तोंड ऐकत नाही. आईने मला त्या धुरातून बाहेर काढलं, या धुतलेल्या हवेत आणून बसवलं. आणि मी तिचीच फुंकर घेऊन आत शिरले बघा."

"आईला कळलं असतं तर काय म्हणाली असती?"

"शिव्या दिल्या असत्या. फार तोंडाळ होती." त्या थोडं हसल्या. "छपरीत आम्ही पोरी गाणी म्हणायचो. गाण्यात रमलं की तोटी बुजायची, मेणाचे थेंब पडायचे. मग ती ओरडायची, 'गा नाहीतर फुंक गं भवाने! एका तोंडाने दोन्ही होत नाही!'"

घास हातात धरून त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. डबा तसाच उघडा टाकून त्या कार्यशाळेकडे चालू लागल्या, आणि त्यांच्या मागून मी, दोन्ही डबे घेऊन.

त्या दुपारी स्वच्छ खोलीतून एक गुणगुण ऐकू यायला लागली. ओठ मिटून, नाकातून, एकाच लयीत. तियुर टकटक करायला बोट उचलून बसली होती. ते बोट तसंच राहिलं.

खऱ्या कार्डाच्या दिवशी आम्ही सगळे काचेबाहेर उभे होतो. आत बू तार्मी गुणगुणत ठिपके सोडत होत्या. मधेच एकदा डावी करंगळी उठली. मास्कच्या कडेपर्यंत गेली. माझ्या शेजारी कोसासींनी श्वास धरला. गुणगुण एकदम मोठी झाली, काचेतून आम्हाला चाल कळण्याइतकी, आणि करंगळी खाली आली. मी नमाजात मागावं तसं त्या वेळी मागितलं. मागायला लाज कसली.

कार्ड भट्टीत सुकलं, पेटीत बसलं, पेटी माझ्या टाकीत बसली. मी हवा काढली. झाकण उघडायची वेळ झाली तेव्हा बू तार्मी म्हणाल्या, "कांग, तुम्हीच बघा आणि मला सांगा," आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी वाकून पाहिलं. ठिपके पावसाच्या थेंबांसारखे चपटे, चकचकीत बसले होते. मी पुन्हा पहिल्यापासून एकेक ठिपका बघायला लागलो. शेवटी तियुरने माझ्या खांद्यावरून डोकं घालून पाहिलं आणि अशी किंचाळली की रबराच्या झाडांवरची पाखरं उडाली.

पेटी रवाना झाली त्या दुपारी कोसासींच्या बायकोने तुंपेंग आणला. पिवळ्या भाताचा मोठा कोन, चुलीवरून थेट मोटारीत घातलेला. आमच्याकडे कोनाचं टोक कापून सगळ्यात मानाच्या माणसाला देतात. विद्यापीठाच्या बाई आल्या होत्या, त्यांनी हात पुसून तयारीही केली होती. कोसासींनी टोक कापलं, केळीच्या पानावर ठेवलं, आणि बाईंना ओलांडून बू तार्मींसमोर धरलं.

"चुकलं कुठे ते सगळ्यांदेखत ज्यांनी शोधू दिलं, त्यांना," एवढंच म्हणाले. विद्यापीठाच्या बाईंनीच आधी टाळ्या वाजवल्या.

बू तार्मींनी पान दोन्ही हातांनी घेतलं. "पाक, तुमचे उपकार," त्या म्हणाल्या. "नोक, तुझेही. कांग, तुमच्या पंपाची माफी मागायची राहिलीय सगळ्यांची." मग पानाकडे बघून, "यातलं अर्धं आईचं."

भाताच्या वाफा निघत होत्या. त्यांनी घास तोंडाकडे नेला आणि चटका बसून मागे घेतला. कोणी काही करायच्या आत डाव्या करंगळीने हवेतच काहीतरी खाली ओढलं, मान डावीकडे कलली, ओठ पुढे आले. आणि त्या थबकल्या. आमच्याकडे चोरट्यासारखं पाहिलं.

"फुंका हो बू," तियुर म्हणाली. या वेळी खरोखर हळू. "इथे फुंका."

बू तार्मींनी डोळे मिटले आणि घासावर सावकाश फुंकर घातली.