तुळईवरचा मनाई हुकूम

जनी संध्याकाळी वखारीतून घरी आली की पडवीत बसून केस सोडायची आणि फणीनं भुसा काढायची. पिवळसर, मऊ, पिठासारखा. सुपारीच्या सालीचा भुसा तांबूस आणि खरखरीत असतो. हा तसा नव्हता. चुलीपाशी बसलेली सोनाबाई रोज ते पाहायची. पहिल्या दिवशी चिमूटभर होता. होळी आठ दिवसांवर आली तेव्हा फणीखाली मूठभर जमू लागला.

"जने, तू बसतेस कुठं?"

"मधल्या खांबाच्या अंगाला. का?"

"जागा बदल."

"वयनी, जागा काय माझ्या बापाची हाय? बसवतात तिथं बसायचं नि सुपारी सोलायची."

जनी सोनाबाईची धाकटी जाऊ. घरातल्या दोन बायांपैकी काम करण्याजोगे दोन्ही हात आता फक्त जनीला होते.

चौलच्या बाजाराच्या टोकाला अंबाजीशेठची सुपारीची वखार होती. मागल्या साली, म्हणजे एकोणीसशे एकतीसच्या माघात, सोनाबाई घरच्या चार झाडांची सुपारी घालायला तिथं गेली होती. काट्यापाशी उभी असताना डोक्यावरच्या माळ्याचा कडेचा भाग मोडला आणि फळ्यांसकट तीन पोती खाली आली. डोकं वाचलं, उजवा हात सापडला. हाडवैद्यानं बांधला, पण कोपरापासून तो बाहेर वळला तो वळलाच. मुठीत विळा धरता येईना. अंबाजीशेठ बघायला आला, "भोग असतात एकेकाचे" म्हणाला आणि निघून गेला.

सोनाबाईचा नवरा दादू अलिबागला टिपणीस वकिलांकडे दरसाल तांदूळ पोचवायचा. त्यांनी ही हकिकत ऐकली आणि स्वतः चौलला आले. तिशीचा, सडपातळ माणूस. वखारीत जाऊन त्यांनी वर पाहिलं. कडेचा माळा मोडला होता, पण साऱ्या माळ्याचा भार वाहणारी मधली तुळई तशीच होती. तिला लांबलचक चीर गेली होती आणि भुंग्यानं चाळणीसारखी भोकं पाडली होती.

"ही आपली साक्ष," वकील म्हणाले. "साक्षीदार फिरतात सोनाबाई, लाकूड फिरत नाही. शेठ उद्याच ही तुळई बदलेल आणि कोर्टात म्हणेल, माझी वखार ठणठणीत होती."

त्यांनी दावा लावला आणि अलिबागच्या कोर्टातून मनाई हुकूम आणला. कोर्टाचा कमिशनर येऊन वखार पाहीपर्यंत शेठनं तुळईला हात लावायचा नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणणारे गावातले म्हातारेसुद्धा त्या दिवशी सोनाबाईकडे वळून बघत होते. अंबाजीशेठला 'हे करू नकोस' असं कुणी म्हटलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. तिला बरं वाटलं होतं. पुढं हे बरं वाटणंच तिला टोचत राहिलं.

कमिशनर आला नाही. एकदा त्याला ताप आला. एकदा शेठच्या वकिलानं मुदत मागितली. मग पावसाळा लागला, आणि पावसाळा सरून नवी सुपारी आली.

भुसा मूठभर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनाबाई वखारीत गेली. दहा-बारा बाया ओळीनं बसून सुपारी सोलत होत्या. हिरामण हमाल पाठीवर पोतं घेऊन शिडी चढत होता. तो वर पोचला, पोतं टाकलं आणि तुळई हलक्यानं कण्हली. बायांनी माना वर केल्या नाहीत. त्यांना त्या आवाजाची सवय झाली होती.

"शेठ, निदान टेकू तरी द्या," सोनाबाई म्हणाली.

अंबाजीशेठनं हात जोडले. "मी कसा हात लावू बाई? तुझ्याच वकिलानं हुकूम आणलाय."

"मग बायांना तरी भायेर बसवा. पोती तरी वर चढवू नका."

"हुकुमात तसं कुठं लिवलंय? तुळईला हात लावू नको म्हटलंय, न्हाय लावत. मी कायद्यानं चालणारा माणूस."

तो हसला नाही, हेच तिला जास्त लागलं. शिडीवरून उतरलेला हिरामण मात्र हसला. "वयनी, चार साल चढतोय मी. ती मला वळखते."

सोनाबाईनं घरी जाऊन चूल पेटवली नाही. तशीच चालत अलिबागला गेली.

"वकीलसाहेब, दावा सोडा."

टिपणीसांनी टाक खाली ठेवला. तिनं सगळं सांगितलं: भुसा, कण्हणं, पोती. "माझा हात गेला तो गेला. पण ती तुळई आता माझ्या हुकमानं तिथं हाय. उद्या जनीच्या डोक्यावर आली तर ती मीच पाडली म्हणायची."

"दावा सोडलात तर तो टेकू देईल असं वाटतं तुम्हाला?"

तिनं विचार केला. मग मान हलवली. "न्हाय. मग म्हणंल, बघा, कोर्टानंच मिटवलं, तुळईला काय झालंय?"

"पडायला आलेल्या इमारतीबद्दल प्रांतसाहेबांकडे अर्ज करता येतो," वकील म्हणाले. "त्यांच्या हुकमानं ती रिकामी करता येते. हे मी आधीच करायला हवं होतं. मी नुसता पुरावा जपत बसलो." त्यांचा आवाज खाली आला होता. "पण ते बांधकाम तपासायला ओव्हरसियर पाठवतील. तो खालून बघणार आणि जाणार. लाकडातलं कळणारा कुणीतरी समोर हवा. ती वखार कुणी बांधली?"

"नामा सुतारानं. पण तो हितं न्हाय. माझा हात मोडला त्याच महिन्यात शेठनी त्याला बोर्लीला कामाला धाडला."

"बोर्ली पंचतन? ते हबसाणात, नबाबाच्या मुलखात. तिथं इथलं समन्स धड पोचत नाही."

"समन्स पोचत न्हाय. मी पोचते. माझं म्हायेर हाय तिथं."

वकिलांनी अर्ज केला. ओव्हरसियर होळीनंतरच्या सोमवारी येणार असं ठरलं आणि शेठला नोटीस लागली. दोन दिवसांनी जनी घरी आली ती आनंदात. केस सोडून तिनं फणी फिरवली. फणी स्वच्छ निघाली.

"बघ वयनी, भुसा थांबला. शेठनी तुळईला डांबर फासलं. काळीभोर झालीय नुसती, चीरसुद्धा दिसत न्हाय."

रोज पडणारा भुसा बघून सोनाबाई घाबरायची. आता तो पडत नव्हता, आणि तिला त्याहून भीती वाटली. पहाटे उठून ती बोर्लीला निघाली. रेवदंड्याची खाडी होडीनं, मुरुडापर्यंत पायी, राजपुरीची खाडी परत होडीनं, आणि दिघीपासून पुन्हा पायी. बोर्लीला पोचली तेव्हा तिचा वळलेला हात सुजला होता.

नामा सुतार एका घराच्या अंगणात चौकट तासत होता. तिला पाहून त्यानं वाकस थांबवला, पण उठला नाही.

"मी येनार न्हाय, बाय. हे घर शेठच्या मेव्हण्याचं हाय. माझी पोरं हितं जेवतात."

"मी न्यायला न्हाय आले. इचारायला आले. तुला कधीपासून ठावं होतं, नामादादा?"

नामा खालच्या ढलप्यांकडे बघत राहिला. "तुझा हात मोडायच्या आधीच्या दिवाळीपासून. मी तुळई ठोकून बघितली. भरीव लाकूड खणखणतं. ती बद्द बोलली. शेठला सांगितलं, तर म्हणाला, पुढल्या सालाला बघू." त्यानं तोंड पुसलं. "भुसा पडतोय?"

"पडत व्हता. परवा शेठनी डांबर फासलं, तवापासून थांबला."

नामा उठून उभा राहिला. "डांबर फासलं? म्हंजे पोखरायचं चालूच, नि दिसायचं बंद. खाली कोण बसतं?"

"माझी जाऊ. आनि धा-बारा बाया."

नामानं आत जाऊन बायकोला काहीतरी सांगितलं. ती मोठ्यानं रडू लागली. तो गिरमिट घेऊन बाहेर आला.

रविवारी दुपारी ते चौलला पोचले आणि थेट वखारीत गेले. अंबाजीशेठ दारातच होता. नामाला पाहून त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग कडक झाला. नामानं त्याच्याकडे पाहिलं नाही. मधल्या खांबाला त्यानं कान लावला आणि डोळे मिटले.

"बायांनो, सुपारी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "उठा नि निघा."

कुणी उठलं नाही. जनी म्हणाली, "रोज बुडाला तर तू देशील?"

सोनाबाई आत गेली आणि जनीच्या शेजारी, त्या काळ्या तुळईखाली, मांडी घालून बसली. "तू उठत न्हायस तर मीबी बसते."

"वयनी, वेडेपना करू नकोस!"

"आधी तू उठ."

जनीनं एकदा वर पाहिलं. मग हातातली सुपारी टोपलीत टाकून ती तडक बाहेर गेली. तिच्यामागून एकेक करत साऱ्या उठल्या.

शेठ संतापानं लाल झाला. तो आत गेला आणि बरोबर तुळईखाली उभा राहिला. "बघा! उभा हाय मी. पडली? पडली का?"

काहीच झालं नाही. तो तिथं उभा होता आणि वर साठ-सत्तर पोती गप्प होती. अंगणातल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. दोघी परत आत जायला निघाल्या, तशी सोनाबाई दारात आडवी उभी राहिली. दिवस मावळेपर्यंत ती तिथून हलली नाही. शेठनं शेवटी कुलूप घातलं.

"शेठ, एक ऐका," जाताना नामा म्हणाला. "वरचं ओझं हलवायच्या आधी खालून टेकू द्या. एका अंगाचं वजन काढलंत तर ती पिळवटंल. उद्या ओव्हरसियरच्या देखत मी टेकू देतो, मग पोती उतरवा."

"तू मला शिकवू नको," शेठ म्हणाला.

सोमवारी ओव्हरसियर दहाला यायचा होता. सकाळी सोनाबाई विहिरीवर होती. बाजाराकडून आधी फांदी मोडल्यासारखा आवाज आला, आणि मग जमिनीतून येतो तसा घुमणारा. तिच्या हातातला पोहरा दोरासकट विहिरीत गेला.

शेठनं उजाडताच कुलूप काढलं होतं. माळा रिकामा दिसावा, ओव्हरसियरला भार कळू नये, म्हणून त्यानं दोन हमालांना वर चढवलं होतं. दाराकडच्या अंगाची पोती उतरली आणि तुळई मधोमध फाटली. एका हमालानं खिडकीतून उडी टाकली. हिरामण वरून पोत्यांबरोबर खाली आला आणि माळा त्याच्यावर. लोकांनी त्याला बाहेर काढला तेव्हा नाकातोंडात सुपारी आणि पिवळा भुसा भरला होता. श्वास नव्हता.

ओव्हरसियर आला तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. नामानं तुटलेल्या तुळईच्या टोकाला गिरमिट लावलं. फिरवावंच लागलं नाही. डांबराची पातळ साल फुटली आणि ते मुठीपर्यंत आत गेलं.

सोनाबाईच्या दाव्यात नामानं साक्ष दिली. शेठच्या वकिलानं विचारलं, इतके दिवस गप्प का राहिलास? "पोटापायी," नामा म्हणाला. हुकूम असताना फासलेलं डांबरही शेठच्या अंगावर आलं. दिवाळीच्या आधी निकाल सोनाबाईच्या बाजूनं लागला. हिरामणची बायको ठमी, तिचा दावाही टिपणीसांनीच लावला, आणि त्यात सोनाबाईची साक्ष होती.

ठमीच्या दाव्याच्या तारखेला कोर्टाच्या ओट्यावर दोघी बसल्या होत्या, मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून. ठमीनं विचारलं.

"तू अर्ज केला नसतास तर शेठनी त्यांना वर चढवलं असतं?"

सोनाबाईनं खोटं सांगायचा विचार केला. "न्हाय," ती म्हणाली. "पन तुळई कधीतरी पडलीच असती. खाली जनी असती, आनि बाकीच्या."

"पन माजा मानूस नसता."

"कुनाला ठावं? तोबी रोज चढायचाच."

"त्या दिवशी नसता."

पट्टेवाल्यानं सोनाबाईचं नाव पुकारलं. आत जाऊन तिनं होतं ते सारं सांगितलं. मनाई हुकूम आला तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं, तेसुद्धा सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं, आणि कारकुनानं ते लिहूनही घेतलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा ठमी गावच्या बैलगाडीत बसली होती. गाडीत एकच जागा रिकामी होती, तिच्या शेजारची. गाडीवानानं सोनाबाईला हाक मारली. ठमीनं मान वळवली नाही, आणि सरकून जागाही केली नाही.

"तुम्ही व्हा म्होरं," सोनाबाई म्हणाली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहिली. मग वाकडा हात पदरात घेऊन तिनं चौलचा रस्ता धरला.