काटा तीसवर गेला तेव्हा

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसणार. पाहुणे आले की त्यांना दिवाणखाना दाखवतात, स्वयंपाकघर दाखवतात, तळघर कुणी दाखवत नाही. मी तिथे असतो. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या उत्तरेला एका विटांच्या घराखाली राहणारा मी एक जुना बॉयलर आहे. पाणी तापवायचं, ते नळ्यांमधून वरच्या खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये पाठवायचं आणि गार होऊन परत आलं की पुन्हा तापवायचं, एवढंच माझं काम. बाहेर बर्फाचे ढीग साचलेले असताना आत माणसं साध्या सदऱ्यावर वावरतात ती माझ्यामुळे. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

कारखान्यातून मी थेट या घरी आलो. मला घेणारे गिरीशकाका इंजिनिअर होते आणि नीलाकाकू डॉक्टर. काकू वर मला 'बंब' म्हणत, ते जिन्यातून ऐकू यायचं. ते ऐकून काका दर वेळी चिडत आणि अंघोळीच्या पाण्याची टाकी वेगळी, हा वेगळा, असं समजावून सांगत. काकू पुढच्या वेळी पुन्हा 'बंब'च म्हणत. मला वाटतं, त्या ते मुद्दामच करत असाव्यात.

काका रोज सकाळी खाली यायचे. माझ्या अंगावर एक घड्याळासारखी तबकडी आहे. तिच्यातला काटा माझ्या आतल्या पाण्याचा दाब दाखवतो. मी थंड असताना तो बारावर हवा, तापल्यावर अठरा-वीसपर्यंत गेला तरी चालतं. तीसवर गेला की मात्र बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर पडतं, नाहीतर मी फुटेन. काका चष्मा कपाळावर सरकवून काटा बघायचे, 'छान' म्हणायचे आणि वर जायचे. तीस वर्षं मी त्या एका 'छान'वर काढली.

वर्षातून एकदा माझाही सण असायचा. खंडेनवमीला काका सगळी हत्यारं पुसून ठेवायचे, मला हळदकुंकू लावायचे आणि झेंडूचा हार घालायचे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मला सुरू करायचे. तिथून माझा हिवाळा सुरू व्हायचा.

या वर्षी एप्रिलमध्ये काका गेले. वरच्या मजल्यावर काय झालं ते मला कळलं नाही. सकाळी पावलं वाजली नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत, तेव्हा मी ओळखलं. उन्हाळाभर मी बंद होतो आणि जिन्याकडे लक्ष लावून बसलो होतो. कुणीतरी यावं असं फार वाटायचं.

खंडेनवमीला नीलाकाकू आल्या. कठडा धरून, एकेक पायरी मोजून उतरल्या. हातात झेंडूचा हार होता. त्यांनी मला पदराने पुसलं, कुंकू लावलं आणि हार कुठे घालावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी हाराचा दोरा एका टोकाला वरच्या नळीला आणि दुसऱ्या टोकाला एका छोट्या लिव्हरला घट्ट बांधला. दुसऱ्या दिवशी मला सुरू केलं. मला इतका आनंद झाला होता की त्या लिव्हरचं माझ्या लक्षातच आलं नाही.

तो लिव्हर म्हणजे नळाचं पाणी माझ्यात भराभर घेण्याची सोय. रिकामा बॉयलर भरतानाच तो उचलायचा असतो. दोऱ्याने तो जरासा उचलला गेला आणि पाणी हळूहळू आत येत राहिलं. काटा पंचवीसवर गेला, मग तीसवर. सेफ्टी व्हॉल्व्ह गळू लागला. काकूंनी खाली बादली लावली. रोज ती भरायची आणि रोज त्या ती ओतायच्या.

मग एक दुरुस्तीवाला आला. त्याने पाणी सोडून काटा खाली आणला, तो पुन्हा चढला. तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी टाकी त्याने ठोकून पाहिली, ती ठीक होती. हाराकडे मात्र त्याने नीट पाहिलंही नाही. पूजेची वस्तू दिसते, आपण हात लावू नये, असं त्या भल्या माणसाला वाटलं. शेवटी त्याने माझ्यावरची तारीख वाचली आणि नवा बॉयलर बसवा म्हणून सांगितलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठे आहे?

काकूंचा मुलगा यतीन दूर दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला असतो. त्याचा फोन आला तेव्हा काकू माझ्याजवळच उभ्या होत्या.

"आई, आता पुरे. मी शनिवारी येतो. घर विकायला लिस्ट करू, तू इकडे शिफ्ट हो. तुला एकटीला हे मॅनेज होत नाहीये."

"विचार करते," काकू म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या शेजारच्या, पूर्वी कोळसा साठवत त्या रिकाम्या खोलीकडे बघत राहिल्या. त्यांना घर सोडायचं नव्हतं. मला तर त्याहून नव्हतं, कारण नवे मालक आले की माझी रवानगी भंगारात, हे ठरलेलंच.

दुसऱ्या दिवशी त्या स्टूल घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"हं, कधीपासून होतंय हे?" त्यांनी मला विचारलं. पेशंटला विचारावं तसं. मग स्वतःच उत्तर दिलं, "दसऱ्यापासून."

त्यांनी मला बंद करून गार होऊ दिलं, बाहेरून पाणी आणणारा नळ घट्ट बंद केला आणि दुरुस्तीवाल्याने केलं होतं तसं पाणी सोडून काटा बारावर आणला. मग नळ बंदच ठेवून मला तापवलं. संध्याकाळी येऊन पाहिलं, काटा अठराच्या पुढे गेला नव्हता. म्हणजे दोष टाकीचा नव्हता, पाणी बाहेरून येत होतं. काकूंनी ते पाणी आणणाऱ्या नळीवरून बोट फिरवत फिरवत आणलं आणि ते सुकलेल्या हाराच्या दोऱ्याला लागलं.

"अहो, मीच हो," काका समोर असावेत तशा त्या म्हणाल्या. दोरा सोडला आणि रडल्या. मलाही रडू आलं असतं, पण माझं गळणं नुकतंच थांबलं होतं.

आता यतीनला काय सांगायचं? बॉयलर आपोआप ठीक झाला, असं सांगता आलं असतं. स्वतःची चूक सांगितली तर आई एकटी राहू शकत नाही, हे त्याचं म्हणणं खरं ठरणार होतं. काकूंनी तिथूनच फोन लावला.

"यतीन, बॉयलर ठीक आहे. फॉल्ट माझा होता. खंडेनवमीचा हार मी लिव्हरला बांधला."

"आई, हेच मी म्हणत होतो ना—"

"ऐकून घे. चूक मी केली आणि शोधलीसुद्धा मीच. तुझ्यापासून लपवणार नाही. पण यांना जाऊन सहा महिने झालेत, माझा पाय या घरातून निघत नाही रे. हा एक हिवाळा राहू दे मला."

"बाबा हार कुठे घालायचे?" यतीनने विचारलं.

"मला ठाऊक नाही," काकू म्हणाल्या. "ते असताना मी कधी खाली आलेच नाही."

मला ठाऊक होतं. ते माझ्या तबकडीच्या गळ्यात घालायचे, आणि काटा दिसावा म्हणून मधली दोन फुलं काढून टाकायचे. हे जगात आता फक्त मला ठाऊक आहे.

शनिवारी यतीन आला. घरं विकून देणाऱ्या एजंट बाईची अपॉइंटमेंट त्याने कॅन्सल केली होती. तो खाली आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि आईकडून एकेक गोष्ट समजून घेतली. आता रोज सकाळी तो फोन करतो आणि विचारतो, "आई, काटा किती?" काटा सांगायला एक क्षण लागतो, फोन मात्र अर्धा तास चालतो. एवढा एक हिवाळा आम्हाला मिळाला आहे. पुढचं पुढे.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राची काळजी घ्या, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी, तुमच्या घरातलं कुणी रोज एकटंच काही करत असेल तर जवळ जाऊन ते काय करतात, एवढं विचारा. गिरीशकाकांनी खूप आनंदाने सांगितलं असतं. रोज काटा बघून जाताना ते जिन्यापाशी थोडे थांबायचे आणि वर बघायचे. तीस वर्षांत एकदाही वरून कुणी हाक मारली नाही.