पुजलेला फिल्टर

चूक कबूल करणाऱ्याला व्यंकटराव कपभर चहावर माफ करत. पण चोरी करून वर ‘साहेब, साहेब’ करणाऱ्याला त्यांच्याकडे क्षमा नव्हती. आणि आता हा बन्सी निघाला तसला! हर्सूलच्या नाक्यावरचा बन्सी मिस्त्री, ज्याच्या हवाली ते डोळे मिटून गाडी करत, लेकीच्या लग्नात ज्याला त्यांनी आग्रहानं पहिल्या पंगतीला बसवलं होतं, तो.

झालं असं, की दसऱ्याला गल्लीतली माणसं गाडीच्या बंपरला हार घालून मोकळी होतात. व्यंकटराव पडले उपाध्यांचे चिरंजीव, त्यांचं तेवढ्यावर कसं भागणार? बॉनेट उघडून बॅटरी, रेडिएटर, ऑइलचा फिल्टर, ज्याला त्याला ते अनामिकेनं कुंकवाचं उभं बोट ओढत. यंदाही ओढलं. मग गाडी बन्सीकडे सर्व्हिसिंगला गेली आणि ऑइल, फिल्टर बदलून आली. रविवारी काच धुवायचं पाणी भरायला त्यांनी बॉनेट वर केलं, तर त्या ‘नव्या’ फिल्टरवर कुंकू! ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली, तर ऑइलही काळं. व्यंकटरावांचं डोकं सणकलं. ‘त्या चोरानं हात लावलेल्या गाडीत मी बसणार नाही,’ म्हणत त्यांनी स्कूटरला किक मारली.

गॅरेजवर चार गिऱ्हाइकं बाकड्यावर बसलेली होती. व्यंकटरावांनी कुणाची भीडभाड ठेवली नाही.

“बन्सी, फिल्टर बदललास?”

“व्हय साहेब, सोता बदलला.”

“मग माझं कुंकू त्यावर आलं कुठून? चोर आहेस तू! देवाच्या कुंकवानं तुला पकडलं!”

बन्सीचा चेहरा उतरला. “साहेब, तुम्ही डिक्की बघितली का?”

“विषय बदलू नकोस! ऑइल काळं का?”

“डिझेलचं इंजिन हाय. नवं टाकलं तरी दोन फेऱ्यांत काळं पडतं.”

“उद्या म्हणशील, दूधसुद्धा डेअरीतून घरी येईस्तोवर काळं पडतं!” बाकड्यावरचा एक जण हसला. आणखी एकानं दुरुस्तीला आणलेली मोटारसायकल गुपचूप ढकलत बाहेर काढली. ते पाहून व्यंकटरावांना बरंच वाटलं.

सोमवारी सकाळी त्यांनी स्वतःच कंबर कसली. ऑइलचा डबा आणि फिल्टर विकत आणले. मोबाइलवर व्हिडिओ लावला. पुढची चाकं फरशा रचून केलेल्या चढावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि पाना घेऊन ते गाडीखाली सरकले. ऑइलच्या चेंबरचा बोल्ट सुटताच ऑइल आधी कोपरापर्यंत आलं, मग घमेल्यात गेलं.

“अहो, ते माझं कुंड्यांच्या मातीचं घमेलं आहे,” त्यांची बायको यमुनाबाई दारातून म्हणाल्या.

“इथं विश्वासघात झालाय आणि तुला घमेल्याचं पडलंय!”

फिल्टर हातानंच सुटला. “पाहिलंस? नीट आवळलासुद्धा नाही!”

यमुनाबाईंनी वाकून पाहिलं. “तुमचं बोट उभं असतं ना? हे कुंकू तर गोल आहे.”

“उष्णतेनं पसरलं असेल,” व्यंकटराव खेकसले. तेवढ्यात घंटागाडी आली. त्यांनी तो फिल्टर कुंकवासकट तिच्यात भिरकावला आणि जन्माचा हिशेब चुकता केल्यासारखे हात झटकले.

नवा फिल्टर बसला, ऑइल भरलं. उरलेल्या ऑइलचा डबा ठेवायला त्यांनी डिक्की उघडली. कोपऱ्यात धुतलेल्या पांढऱ्या फडक्याचं गाठोडं होतं. आत जुना, तेलकट, पोचा आलेला फिल्टर. त्याच्यावर कुंकवाचं उभं बोट, आणि सोबत दसऱ्याच्या हारातली वाळलेली झेंडूची फुलं.

व्यंकटराव तिथंच डिक्कीच्या कडेवर बसले. काल उसळलेला तो सगळा संताप अजून अंगात होता, पण आता तो जाणार कुणावर? आपण मूर्ख आहोत, नुसते मूर्ख नाही, दुष्ट आहोत, असं त्यांना वाटलं.

गाठोडं घेऊन ते गॅरेजवर गेले. आजही बाकडं भरलेलं होतं. बन्सी एका जीपच्या इंजिनात वाकला होता. त्यानं गाठोडं पाहिलं, पण हातातला पाना खाली ठेवला नाही.

“पुजलेली वस्तू भंगारात कशी टाकू, साहेब?” तो म्हणाला. “म्हून तुमच्यासाठी बांधून ठेवली. आन् नव्याला मोकळ्या कपाळानं कसं बसवायचं? त्याला मीच कुंकू लावलं.” मग त्यानं मान वर केली. “कुठंय तो?”

बाकड्यावरचे सगळे व्यंकटरावांकडे बघत होते.

“घंटागाडीत टाकला,” ते पुटपुटले. “बन्सी, चुकलं माझं.”

“मोठ्यानं बोला, साहेब,” बन्सी म्हणाला. “काल लई मोठ्यानं बोलला होतात.”