तक्रारीचा रकाना

"काका, हा 'तक्रार'चा रकाना मोकळाच ठेवायचा, तर छापतात कशाला?" शेजारच्या टेलरताईंनी दारातच विचारलं.

मी चाळीस वर्षं वाचनालयात काढली. उत्तर पुस्तकात शोधायची सवय. निवृत्तीनंतर मजल्यावरच्या नऊ घरांची समाधानपत्रं दर सोमवारी गोळा करून सरकारी कचेरीत द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नाही म्हणता आलं नाही. तसं ते इथे कुणालाच येत नाही.

"सगळे 'नाही' लिहितात, ताई. तुम्हीही लिहा."

"सगळ्यांचे भाऊ घरी आहेत. माझा चौकशीला नेलेला परत आला नाही."

भाऊ या शहरातून नेला, म्हणून त्या आपलं गाव सोडून इथे नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्यांच्या कागदावर एकच ओळ होती : माझा भाऊ कुठे आहे?

बायकोने ती वाचून कपाळावर हात मारला. "ही बाई स्वतः जाईल आणि अख्खा मजला घेऊन जाईल. तुमच्याकडे कोरे कागद आहेत ना? आयुष्यात एकदा तरी धीट व्हा!"

मी कोऱ्या कागदावर त्यांचं नाव लिहिलं, पुढे 'नाही' आणि खाली त्यांची सही. त्यांचा कागद चुलीत गेला. पुढचे बारा सोमवारही हेच. मी त्यांना वाचवतो आहे, असं मला वाटत होतं. निदान वाटावं असं वाटत होतं.

चौदाव्या सोमवारी त्या स्वतःच कचेरीत जाऊन आल्या.

"नेलेल्या माणसाची तीन महिने कुणी विचारपूस केली नाही, की नाव वहीतून काढतात. गेल्या आठवड्यात त्याचं काढलं." त्या हळू बोलत होत्या. "मी म्हटलं, विचारत होते की! त्यांनी तेरा कागद पुढे टाकले. सही माझ्यापेक्षा छान जमलीय, काका."

"ताई, मला वाटलं, तुम्हाला काही होऊ नये..."

"तुम्ही चांगले आहात हो. म्हणून तर हे काम तुम्हाला दिलंय."

पुढच्या सोमवारी त्यांचा कागद दाराखालून आत सरकवलेला दिसला. पूर्ण कोरा. नावसुद्धा नव्हतं.

भिंतीपलीकडे शिलाई मशीन चालू होतं. मी पेन उघडून त्यांचं नाव लिहायला घेतलं. नाव अर्ध्यावर आलं आणि मशीन थांबलं. मीही थांबलो.

ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा मी उरलेलं नाव लिहिलं, पुढे 'नाही' आणि खाली त्यांची सही.