तळं डावीकडे

रोस्विताचे दोन्ही तळहात शाईनं काळे झाले होते, म्हणून तिनं युटाला टोपलीतून कोपरांनीच उचललं. तरी आठ महिन्यांच्या पोरीनं मान वळवून आईच्या हाताला नाक लावलंच.

"झालं! पुन्हा काळं केलंस तिला," एकहार्ट म्हणाला. "काल नर्सबाई विचारत होत्या, पोरीला अंघोळ घालता की नाही."

"शाई तुझी, पोरगी तुझी, आणि बोलणी मी खायची."

तो हसला. आज तो सकाळपासून हसतच होता. घरामागच्या जुन्या धुणीघरात, जिथं पूर्वी कपडे उकळायचं पातेलं होतं तिथं आता त्याचा दाबयंत्राचा सांगाडा उभा होता. चित्र कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तो शाई भरायचा. रोस्विता आधी जाळीदार कापडानं आणि मग तळहाताच्या कडेनं ती पुसायची, शाई फक्त कोरलेल्या रेघांत राहील इतकीच. मग वर ओला कागद ठेवायचा आणि चाक फिरवायचं. आज तिसावा कागद निघाला होता.

गावातलं कलामंडळ दर वर्षी आपल्या सभासदांना एक चित्र भेट द्यायचं. सत्तावन्न सालचं चित्र एकहार्टकडं आलं होतं. चार वाजता मंडळाचे थ्योले येणार होते. तोवर तीसही कागदांवर खाली पेन्सिलीनं सही व्हायला हवी होती. मग त्यांच्यादेखत पत्र्यावर खोल रेघ ओढायची, म्हणजे एकतिसावा कागद कधीच निघणार नाही. रीतच होती तशी.

पण एकहार्टचं लक्ष थ्योलेंकडं नव्हतं. त्यानं झार्केन काढलं होतं. महायुद्धाच्या शेवटी, पंचेचाळीसच्या जानेवारीत, बर्फातून घोडागाडीनं सोडलेलं, आता सरहद्दीपलीकडं गेलेलं त्याचं गाव. त्याच्या आईनं, ओटिलीनं, बारा वर्षांत त्या गावाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "इथले बटाटे चांगले असतात," आणि विषय संपायचा. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होते. ते दाट व्हायच्या आत तिनं आपलं घर एकदा बघावं, एवढ्यासाठी तीन महिने त्यानं हे तिच्यापासून लपवून कोरलं होतं.

दुपारी ओटिली कॉफी घेऊन आली तेव्हा त्यानं कागद तिच्या हातात दिला. ती खिडकीशी गेली. चष्मा वर करून तिनं कागद अगदी नाकाशी धरला.

"छान आहे रे. कुठलं गाव?"

"आई, झार्केन आहे हे."

ती पुन्हा बघत राहिली. मग तिनं कागद जपून टेबलावर ठेवला. "झार्केनचं तळं डावीकडं होतं. हे उजवीकडं आहे. हे दुसऱ्या कुणाचं तरी गाव असेल." आणि ती निघून गेली. कॉफी तशीच राहिली.

एकहार्ट भिंतीवरच्या आरशाकडं बघत उभा राहिला. कागदावर सगळं उलटं उमटतं, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तो नेहमी चित्राचा कच्चा कागद त्या आरशासमोर टांगायचा आणि आरशात बघून कोरायचा. चौदा वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

"या वेळी कच्चं चित्र नव्हतंच गं," तो हळूच म्हणाला. "समोर टांगायला काही होतं कुठं? सगळं डोक्यातून जसंच्या तसं आलं. हात आपोआप चालत गेला."

"आपल्या घरी गेला," रोस्विता म्हणाली.

"मी सही करणार नाही. थ्योलेंना सांग, पत्रा बिघडला." त्यानं पेन्सिल टेबलावर फेकली. तिचं टोक मोडलं.

रोस्वितानं त्याच्याकडं बघितलं, मग पत्र्याकडं. रेघांमध्ये अजून शाई होती. तिनं युटाला काखेत मारलं, पत्रा उचलला आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली. ओटिली पाठ करून बटाटे सोलत होती. सोलून झालेलेच पुन्हा सोलत होती.

"आई, हात पुसा आणि हे धरा. उजेडाकडं जरा तिरकं करा."

"आता काय आणलंस?"

"त्याच्या हातानं जे काढलं ते. कागदावर उलटं होतं, इथं नाही."

ओटिलीनं पत्रा तिरका केला. तांबं चमकलं, रेघा काळ्या दिसल्या. तिचं बोट डावीकडं गेलं आणि थांबलं. तिथं रेघा आडव्या, दाट होत्या. बोटाला कळत होत्या.

"तळं," ती म्हणाली.

मग बोट पुढं सरकलं. "हा वीज पडलेला पॉपलर. शेंडा नाही बघ त्याला. लक्षात ठेवलंय हो यानं! हा शेजाऱ्यांचा गोठा. बदकं कुठायत? बदकं काढली नाहीत मेल्यानं. आणि हे झार्केनमधलं आमचं दार." गावाचं नाव तिनं सहज घेतलं, काल घेतल्यासारखं. रोस्विता युटाच्या केसांत तोंड लपवून ऐकत राहिली. "पण तळ्यापासून दारापर्यंतची वाट कुठाय? याच वाटेनं हा गाढव रोज चिखल घेऊन घरात यायचा!"

"गाढव इथंच आहे, आई," दारातून एकहार्ट म्हणाला. "वाट विसरलो."

चार वाजता थ्योले आले तेव्हा तीस कागदांवर सह्या झाल्या होत्या. "ते लोकांसाठी आहेत," ओटिलीनं मुलाला बजावलं होतं. "त्यांना तळं कुठंही चालतं. कर सही." पत्रा मात्र तिच्या मांडीवर होता.

"आता रेघ मारायची, नाही का," थ्योले जरा अवघडून म्हणाले.

"मारायची ना. कुठून मारायची ते मी सांगते." तिनं अंगठा तळ्याच्या काठावर ठेवला. "इथून. पेअरच्या झाडाला वळसा घालून थेट दारापर्यंत."

"पण नियमानं ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत—"

"रेघ सरळच हवी असं लिहिलंय तुमच्या नियमात? की नुसती खोल हवी?"

थ्योलेंनी तिच्याकडं बघितलं, पोरीच्या काळ्या नाकाकडं बघितलं आणि ते टोपी काढून बसले. "खोल असली म्हणजे पुरे."

एकहार्टनं कोरायची पोलादी अणी घेतली. तळ्यापासून त्यानं वाट ओढायला घेतली, जोर लावून, सावकाश. झाडाशी हात आपोआप वळला. दाराशी थांबला. पत्रा आता छापायला निकामी झाला होता.

थ्योले कागद घेऊन गेल्यावर ओटिलीनं पत्रा स्वयंपाकघराच्या खिडकीत टेकवला आणि युटाला मांडीवर घेतलं. पोरीचं इवलंसं बोट धरून तिनं ते नव्या खोल रेघेत ठेवलं आणि ती ते तळ्यापासून वर चालवायला लागली.

"हळू हं," ती म्हणाली. "इथं चिखल असतो."