दोन टोकांची थरथर

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, हे तळ्यालाही ठाऊक नसावं. वारा म्हणून नव्हता. काठच्या झाडांवरून थेंब गळत होते, तेवढाच काय तो आवाज. मला पाण्यावर आडवं धरलेलं होतं आणि माझं शेंड्याकडचं टोक माझं मलाच दिसत नव्हतं.

मी बांबू बोलतोय. सावकाश बोलेन, रागावू नका. आम्हा बांबूंना आयुष्यात एकदाच घाई होते, उगवताना. तेव्हा काय ते भराभर वाढून घ्यायचं. त्यानंतर सगळं निवांत.

एका ओढ्याकाठच्या बेटात माझा जन्म झाला. आम्ही पुष्कळ भावंडं, एकमेकांना खेटून उभी. जराशी झुळूक आली की अख्खं बेट थरथरायचं. पानं, शेंडे, अगदी पेरांच्या आतली पोकळीसुद्धा. त्याची कुणाला लाज वाटल्याचं मला आठवत नाही. उलट एखादा थरथरला नाही तर आम्ही म्हणायचो, बिचारा वाळला वाटतं.

पुढे कोयता आला. माझ्या जाडजूड भावांच्या टोपल्या झाल्या, शिड्या झाल्या. मी सडपातळ, शेंड्याकडे निमुळता, कुणाच्या कामाचा नाही. बाजारात एका कोपऱ्यात पडून होतो. तिथून मला एका शिंप्याच्या बायकोने उचललं. छताजवळच्या दांडीवर कपडे वाळत घालायला तिला काठी हवी होती. तिने मला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाली, "हा बरा आहे. हलका आहे."

तिच्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीशी शिलाई मशीन, तिच्याशेजारी कोळशाची जुनी इस्त्री, जमिनीवर खडूची भुकटी आणि चिंध्या. मी आतल्या दाराशी उभा असायचो. ओले कपडे अंगावर घेऊन वर जायचो आणि खाली येताना घरातली बातमी घेऊन यायचो. मुलीचा झगा दर वर्षी लांब होत गेला, मग त्याचे ड्रेस झाले, मग एके दिवशी तिचे कपडे दांडीवरून नाहीसे झाले. तेव्हा मला कळलं, ती सासरी गेली. माणसांचं कपड्यांवरून बरंच कळतं. तोंडावरून तेवढं कळत नाही.

मशीनचा आवाज मला फार आवडायचा. डोळे मिटले की वाटायचं, दूर कुठेतरी ओढा खळखळतोय. (मला डोळे नाहीत, पण समजून घ्या.)

मग तो आवाज अडखळायला लागला. शिवण सरळ चालता चालता मध्येच थांबायची. मास्तर उसवायचे, पुन्हा घालायचे. त्यांचे हात कापायला लागले होते. आधी उजवा, मग डावा. एकदा सुई बोटातून आरपार गेली. त्यांनी आवाजही केला नाही, बोट चिंधीत गुंडाळलं आणि बायकोला म्हणाले, "डोळ्यांनी दिसत नाही बघ आताशा."

डोळे धडधाकट होते. मी पाहत होतो ना. भिंतीवरून चाललेली मुंगी त्यांना दिसायची.

दुकान बंद झालं. सगळ्यांना सांगितलं, डोळ्यांमुळे. आणि तेव्हापासून त्या माणसाने आपले हात लपवायला सुरुवात केली. खिशात, शालीखाली, मांडीखाली. शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचे. संध्याकाळी पायरीवर बसून दोघे पत्ते खेळत आणि इतके भांडत, की रस्त्यावरचे लोक थांबून ऐकत. ते बंद झालं. ड्रायव्हर दारातून हाक मारायचे, "मास्तर, पिसतोय हो!" मास्तर आतून म्हणायचे, "डोकं दुखतंय." रोज रोज कुणाचं डोकं दुखतं? काही दिवसांनी हाकही यायची थांबली.

बायको मुलीला फोनवर हळू आवाजात सांगायची, "बोलत नाहीत गं. जेवायलाही माझ्याबरोबर बसत नाहीत, म्हणतात, तू आटप. घरात माणूस आहे की नाही, कळत नाही. मला भीती वाटते, असेच मिटत जातील."

त्याच सुमारास मुलीने घडीचा स्टँड पाठवला, कपडे वाळत घालायला. चाकं असलेला, चकचकीत. माझीही नोकरी संपली. मी दारामागे गेलो.

एके दिवशी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तो बांबू टाकून देऊ का? नुसता पायात येतो."

"राहू दे."

"काय लोणचं घालायचंय त्याचं?"

मास्तरांच्या काय मनात आलं कोण जाणे, म्हणाले, "मासे धरीन."

"तुम्ही? उभ्या जन्मात बादलीतला मासा धरला नाहीत!"

"म्हणूनच तर."

ती हसली. पुष्कळ दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं. पण मला खरं कारण माहीत होतं. तळ्यावर पहाटे कुणी नसतं. हात खिशातून बाहेर काढता येतात.

सामान घ्यायला मलाही बरोबर नेलं. दुकानदाराने मला पाहून नाक मुरडलं. "फायबरची छडी घ्या की, काका. हे काय, कपड्यांची काठी?"

"हीच चालेल. बाकीचं द्या. मला यातलं काहीही कळत नाही, सगळं सांगा."

माणूस भला होता, त्याने सगळं सांगितलं. हा गळ, लहानच घ्या, मोठ्याने मोठा मासा मिळतो असं नाही. हा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पाण्यात दिसत नाही. हे शिशाचे मणी, आमिष खाली जायला. आणि हे बूच, वर तरंगायला. "बूच हललं की ओढायचं नाही. बुडालं की ओढायचं. सगळे नवशिके इथेच चुकतात."

घरी आल्यावर पहिलीच अडचण उभी राहिली. गळाच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यातून तंगूस ओवायचा. ज्या माणसाने आयुष्यभर सुईत दोरा ओवला, त्याला ते जमेना. एका हातात गळ कापतोय, दुसऱ्या हातात दोरा कापतोय. दोघांची गाठच पडेना. बायको दारातून बघत होती. पुढे आली नाही. मला तिचं कौतुक वाटलं. पुढे येणं सोपं होतं.

शेवटी मास्तरांनी टाचण्यांची उशी काढली, गळ तिच्यात घट्ट रोवला, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि दोरा ओवला. जेवणाची वेळ टळून गेली होती. मग माझ्या शेंड्याला मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे घालून तंगूस बांधला. वेढे वाकडे आले. त्यांनी ते उसवले नाहीत.

तळ्यावरचे पहिले दिवस मी कुणाला सांगणार नव्हतो, पण आता बोलायला बसलोच आहे तर सांगतो. पहिला गळ मागच्या झुडपात अडकला. दुसरा मास्तरांच्याच टोपीत. गांडूळ लावायचं जिवावर आलं, तर त्याला "माफ कर रे बाबा" म्हणून मातीत सोडून दिलं आणि पिठाच्या गोळ्या केल्या. त्या एवढ्या मोठ्या, की मासे बहुधा त्यांच्याभोवती बसून जेवत असावेत. बूच जरा हललं की मास्तर टाका ओढल्यासारखे मला झटका द्यायचे. आयुष्यभराची सवय. आणि बूच तर सारखंच हलत होतं, कारण हात हलत होता. मासा कुठला आणि आपण कुठले, काही कळायला मार्ग नव्हता.

मग त्यांनी मला दगडांवर टेकवून ठेवलं. बूच शांत झालं. पण ते बुडेपर्यंत आणि मला उचलेपर्यंत मासा गोळी घेऊन घरी पोचलेला असायचा.

तरीही ते रोज यायचे. गोळ्या लहान व्हायला लागल्या. मागे पाहून मग दोरा टाकायचा, हे कळलं. पाण्यावर सावली पडू द्यायची नाही, हेही कळलं. हात मात्र घराकडे वळताना पुन्हा खिशात जायचे.

आणि मग ती धुक्याची सकाळ आली.

बूच टाकलं आणि ते दिसेनासं झालं. दगडावर ठेवून उपयोग नव्हता, पाहणार काय? मास्तरांनी मला हातात घेतलं. मी थरथरायला लागलो. त्या पांढऱ्या शांततेत मला एकदम आमचं बेट आठवलं. वाटलं, आता बाजूला भावंडं उभी असतील, हात लांब केला की लागतील. आणि तळ्याखाली कुठेतरी मशीन चालू आहे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मास्तरही गेले असावेत कुठेतरी, कारण त्यांचा श्वास मशीन चालवताना असायचा तसा एका लयीत पडत होता.

तेवढ्यात माझ्या दुसऱ्या टोकाला काहीतरी थरथरलं.

अगदी बारीक. मला कळलं, पण मी सांगणार कसा? एका टोकाने माणूस थरथरतोय, दुसऱ्या टोकाने पाणी थरथरतंय आणि दोन्ही थरथरी माझ्या पोकळीत येऊन भेटताहेत. दुसऱ्या कुणाला त्या वेगळ्या काढता आल्या नसत्या. पण मास्तर आपल्या थरथरीबरोबर इतके दिवस एका खोलीत राहिले होते. तिची चाल त्यांना पाठ होती. ते थांबले आणि पुटपुटले, "हे माझं नाही."

त्यांनी झटका दिला नाही. वाट पाहिली. मग मी खाली खेचला गेलो आणि त्यांनी मला उचललं.

मासा वर आला! तळहाताएवढा, रुपेरी, रागावलेला. मास्तर आनंदाने ओरडले आणि लगेच घाबरले. कारण आता तो गळातून सोडवायचा होता. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने गळ फिरवायचा. हात कापताहेत, मासा उसळतोय, निसटतोय, गवतात पडतोय. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. त्याचं तोंड उघडमीट व्हायला लागलं. मास्तरांचंही.

मी गवतात पडून सगळं पाहत होतो. घरी न्यायचं कुणाच्या मनातही नव्हतं, पण तो तिथे आपल्या हातात मरणार, हे मास्तरांना दिसत होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. धुकंच धुकं. आणि ज्या माणसाने इतके दिवस कुणालाही जवळ येऊ दिलं नव्हतं, तो मोठ्याने ओरडला, "कुणी आहे का? अहो, कुणीतरी या!"

"कोण? मास्तर?" धुक्यातून आवाज आला. आणि मागून ड्रायव्हर, गळ्यात मफलर, डॉक्टरांनी सांगितलेली फेरी मारायला निघालेले.

"धरा, धरा याला!"

"कुठून धरू?"

"कुठूनही धरा!"

"अहो, याला हँडल नाही!" ड्रायव्हरांनी मफलर काढून माशावर टाकला आणि दोन्ही पंजांनी दाबून धरला. "हं, करा काय करायचं ते. लवकर करा, हा चावेल."

"चावत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला काहीच माहीत नाही, पण धरा."

मास्तरांनी गळ पकडला. हात कापत होता, लपवायला जागा नव्हती. एकदा सुटला, दोनदा सुटला, मग एका उलट्या टाक्यासारखं मनगट वळलं आणि गळ बाहेर आला. मफलर उलटा केला. पाण्यात 'चुळुक' झालं, आणि संपलं.

दोघे धापा टाकत गवतात बसले. ड्रायव्हर त्या हातांकडे बघत होते.

"कधीपासून?"

"दुकान चालू होतं तेव्हापासून."

"म्हणजे पत्ते..."

"धरता येत नव्हते. हलायचे. माझी सगळी पानं तुम्हाला दिसली असती."

"ती तर मला नेहमीच दिसायची!" ड्रायव्हर म्हणाले. "तुमच्या मागच्या खिडकीच्या काचेत."

मास्तर त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग असे हसले, की झाडावरचा बगळा उडाला. हात मांडीवर उघडे पडले होते आणि हसण्याने अजूनच कापत होते.

आता मी दारामागे नसतो, दाराबाहेर असतो, पायरीशी. माझ्या मधल्या पेराला चीर गेली आहे, ती दोऱ्याने आवळून घेतली आहे. फार दिवस टिकेन असं नाही. टिकायचा हट्टही नाही. तुमच्या घरात एखादी काठी कोपऱ्यात उभी असेल, किंवा एखादा माणूस उभा असेल, तर त्याला आज एकदा बाहेर न्या. काय काम द्यायचं ते नंतर सुचेल. एवढंच मागणं.

धुकं विरत गेलं, पलीकडचा काठ दिसायला लागला, तरी त्या सकाळी दोघे उठले नाहीत. ड्रायव्हर ओला मफलर पिळत बसले होते. मग मास्तरांकडे न बघताच म्हणाले, "मला वाटलं, माझ्यावर रागावलात. रोज पायरीवर बसून आठवायचो, की आपण यांना काय बोललो असू. उद्या निघाल तेव्हा हाक मारा. मी जागाच असतो."