शनिवारी दुपारी दोन

"नायदोभाऊ, रत्काबाईंचं तिकीट कुठं मिळेल हो?"

खाटकाच्या बायकोनं खालून विचारलं, तेव्हा शिडीवरच्या नायदोच्या हातातला खळीचा ब्रश थांबला.

तीस वर्षं तो वेलेस गावाच्या खांबांवर दोनच प्रकारचे कागद चिकटवत आला होता. गाण्याचे आणि मरणाचे. लोक दोन्ही सारख्याच आवडीनं वाचत. मरणाच्या कागदाला काळी चौकट असे, एवढाच फरक. रत्काच्या कागदावरची चौकट तिच्या बहिणीनं, वेलिकानं, काढायला लावली होती. "काळं तिला कधी शोभलं नाही रे. आणि फोटो हा घाल." फोटोत पांढरा झगा, हातात माईक, वय अठ्ठावीस. खाली नाव, वार, वेळ, टेकडीवरचं चर्च. माणूस गेल्याचं आजवर चौकटच सांगत आली होती. ते वेगळं लिहावं लागतं, हे नायदोच्या डोक्यातच आलं नाही.

रत्का राजधानीत, स्कोप्येच्या इस्पितळात वारली, त्या दिवशी वर्तमानपत्रांना दुसरी कामं होती. तिचं गाणं गावातल्या प्रत्येक लग्नात होई. कोणाचं, ते मात्र कोणी विचारत नसे. शेवटच्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यातली दोन हीटरच्या उबेसाठी आलेली.

"खांदा द्यायला चौघं तरी येतील ना रे?" वेलिकानं विचारलं होतं.

नायदोच्या खिशात जाड पेन्सिल होती. एका शब्दाचं काम.

"तिकीट नाही," तो म्हणाला. "फुकट आहे."

"अगं बाई! अजून गातात?"

"या तर खरं शनिवारी."

शनिवारी टेकडीच्या रस्त्याला चालायला जागा नव्हती. बायकांनी केस करून घेतले होते. चर्चच्या दारात शवपेटी दिसली आणि पुढची रांग थबकली, मग मागची.

"नायदो, गाढवा, सांगायचं नाहीस होय?" खाटीक दबक्या आवाजात गुरगुरला.

"सांगितलं असतं तर आला असतास?"

खाटकानं स्वतःच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं. मग पुढं होऊन पेटीखाली खांदा दिला. पाठोपाठ आणखी पाच जण गेले. परत कोणीच फिरलं नाही.

पंचाईत फुलांची झाली. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची, गेलेल्याला सम. सगळे गायिकेसाठी तीन-तीन, पाच-पाच घेऊन आलेले. खाटकाच्या बायकोनं आपली पाच मोजली, एक हळूच उपसलं आणि दगडी कठड्यावर ठेवलं. तिचं पाहून शेजारणीनं. मग सगळ्यांनीच.

खड्ड्याशी कोणीतरी तेच गाणं धरलं. दुसरं कडवं कोणालाच येत नव्हतं, म्हणून पहिलंच तीनदा म्हटलं.

माणसं उतरू लागली, तशी वेलिका कठड्यावरची फुलं गोळा करू लागली. ओंजळीत मावेनात. तिनं अंगातला कोट काढला आणि गवतावर पसरला.